कुसुमताईंची वाटी आणि पांडवलेणी

रविवारी पांडवलेणीच्या पायथ्याशी आमच्या कुटुंबात उलथापालथ झाली. माझ्या मुलाने, विजयने, नेहमीसारखं पाण्याच्या बाटल्या, डबे, सुनेची पर्स असं सगळं माझ्यापुढे धरलं. "आई, तू बस इथं सावलीत..." आणि मी हात मागे घेतले!

का ते सांगते. पण आधीच सांगून ठेवते, मी दुसरी पास. एका बोटाने लिहिते आणि जोडाक्षरं माझी नात सई तपासते. तेव्हा हसायचं ते गोष्टीला हसा.

आम्ही मूळचे विंचूरकडचे, नाशकात येऊन तीस वर्षं झाली. घरी पाहुणे आले की पांडवलेणी ठरलेली, आणि पायथ्याशी पिशव्या सांभाळायला मी ठरलेली. वरून उतरणारा प्रत्येक जण म्हणणार, "काय वारा होता वर!" आणि मी त्या पिशव्यांसारखीच गप्प... कधी बोलले नाही, पण मला तो वारा खायचा होता हो.

उन्हाळ्यात सई पुण्याहून आली तेव्हा तिच्याजवळ बोलून गेले. पोरगी हुशार. तिने लगेच माझ्या फोनमध्ये ॲप टाकलं. रोज इतकी पावलं, रोज सकाळी आठवण, पूर्ण केलं की फुलं उडतात.

चार दिवस चालले. मग फोन वाजला की मी त्याला उशीखाली ठेवायला लागले. त्यात एक शोध लागला... फोन मांडीवर ठेवून झोपाळ्यावर जोरात झोके घेतले तरी ते येडं पावलं मोजतं! सईचा मेसेज यायचा, "आजी, तू तर पळतेयस!" मी वर पाय करून कैरी खात असायची. लाज वाटायची, पण कैरी छान होती.

मग चौथ्या मजल्यावर कुसुमताई राहायला आल्या. इगतपुरीच्या, माझ्या बरोबरीच्या. आल्या आल्या त्यांनी आपल्या सुनेच्या हाती वाटीभर तांदळाची खीर पाठवली.

आता तुम्हीच सांगा, आलेली वाटी रिकामी परत करता येते का? मी कांद्याची भजी तळली आणि निघाले. लिफ्टची मला भीती, दार बंद झालं की डोकं गरगरतं. म्हणून आमच्या पहिल्या मजल्यावरून चौथ्यापर्यंत चौपन्न पायऱ्या पायी. प्रत्येक वळणावर बसले... वर पोचेस्तोवर भजी गार.

दुसऱ्या दिवशी वाटी हजर. आत नारळाच्या वड्या! त्यांनाही वाटी रिकामी पाठवता येईना ना. मी पुन्हा चढले, धपाटे घेऊन. तिसऱ्या दिवशी वाटी परत खाली... असं सुरू झालं ते थांबेचना. रोज सकाळी वाटी खाली लिफ्टने, रोज संध्याकाळी पाच वाजता वाटी वर माझ्या पायाने. पाऊस गेला, गणपती गेले, नवरात्र गेलं. एके दिवशी लक्षात आलं, मी मध्ये कुठे बसलेच नाही.

आणि दिवाळीच्या आधी आठ दिवस काय व्हावं... वाटी आली ती रिकामी! घासूनपुसून, लख्ख.

माझं धाबं दणाणलं. काय चुकलं माझं? परवाच्या ठेच्यात मीठ जास्त झालं का? दोन दिवस मी वर गेले नाही. कशाला जायचं? वाटी संपली, विषय संपला. मनात म्हटलं, यंदाही पिशव्या आपल्याच.

तिसऱ्या दिवशी पाच वाजले आणि बघते तर मी दारात, चपला पायात! हातात वाटी नाही, काही नाही. पाय आपले निघालेले. म्हटलं चला, भांडायचंच आहे तर वर जाऊन भांडू.

कुसुमताईंनी दार उघडलं आणि मला बघून पदरच तोंडाला लावला. "इंदूताई, रागावू नका! डॉक्टरांनी गोड, तळलेलं सगळं बंद केलंय. तुमच्या भज्यांनी माझे तीन ब्लाउज उसवले हो!"

"अहो मग आधी नाही का सांगायचं?"

"कसं सांगणार? मला वाटलं तुम्हाला खायची लय हौस, म्हणून तर मी रोज काहीतरी करत बसायची. कंटाळले नुसती!"

"मीसुद्धा!" मी म्हटलं. मग दोघी जिन्यात बसून इतक्या हसलो की खालचे लोक बघायला आले. ठरलं एकच... वाटी चालू ठेवायची, पण आत फक्त कढीपत्ता नाहीतर चार तुळशीची पानं.

तर रविवारी मी हात मागे घेतले आणि चढायला लागले. दिवाळीला आलेली सई पुढे, मी मागे. विजय बाटल्या, डबे, पर्स सगळं गळ्यात घालून आमच्या मागे... अर्ध्यावर त्याचा आवाजच येईना. वळून बघितलं तर गडी पायरीवर बसलेला, घामाघूम. "आई... तू हो पुढे. मी थांबतो."

मी म्हटलं, "बस बाबा सावलीत. पिशव्यांकडे लक्ष ठेव."

तीस वर्षं हे वाक्य मी ऐकत होते... बोलायला मिळालं तेव्हा काय गोड लागलं!

आणि वर खरंच वारा होता. नाशिक सगळं खाली पसरलेलं. सईने मिठी मारली, म्हणाली, "आजी, ॲपने नाही जमलं ते वाटीने केलं गं." मी स्वतःचे कान पकडून तिला झोपाळ्याचं खरं सांगून टाकलं.

देव कुसुमताईंना उदंड आयुष्य देवो, आणि त्यांचे ब्लाउज टिकोत. आता पाच वाजत आले... कढीपत्ता तोडून वाटीत ठेवलाय. निघते.