लिबोरियोचं नाक

सिसिलीतल्या जेला गावच्या रिफायनरीत पूर्वी खनिज तेल यायचं. आता येतं वनस्पती तेल आणि अर्ध्या बेटाच्या कढयांतलं जळकं तळण. हायड्रोजनच्या दाबाखाली त्याचं स्वच्छ डिझेल होतं. यंत्रं नवी आली, पण फाटकावर मान राहिला लिबोरियोच्या नाकाला. ऑलिव्हच्या बागेत वाढलेला माणूस! थेंबभर तेल तळहातावर चोळून हुंगायचा आणि खराब टँकर तिथल्या तिथे परत पाठवायचा. प्रयोगशाळेच्या अहवालाला चार तास लागत. तेवढा दम कुणाला? लिबोरियोकाकांनी मान हलवली की प्रयोगशाळेतली नेला अहवालाआधीच सही करून मोकळी होई.

मार्चमधल्या तापात लिबोरियोची वासाची जाण गेली. साफ गेली. त्याने बायकोलाही सांगितलं नाही. पेन्शनला दीड वर्ष उरलं होतं, आणि नाक सोडलं तर त्याच्यापाशी होतं तरी काय? तो तसाच तळहात हुंगत राहिला, मान हलवत राहिला.

ऑक्टोबरात एका टँकरमध्ये कत्तलखान्याची सडकी चरबी मिसळलेली आली.

"काका, अहवालाला थांबू या का?" नेलाने खिडकीतून विचारलं.

"मला शिकवतेस? कर सही."

तिने केली. अहवाल आला तोवर तो माल टाकीतल्या तेलात मिसळून गेला होता. दोन दिवसांत यंत्रातला उत्प्रेरक मेला आणि कारखाना बंद पडला.

चौकशीत लिबोरियो बोलून गेला, "मी तो टँकर हुंगलाच नाही. पोरीने परस्पर सही केली." नेला त्याच्याकडे बघतच राहिली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी शब्द मागे घ्यायला जीभ उचलली नाही. नेलाची नोकरी गेली.

शेवटच्या दिवशी ती फाटकावरच्या खोलीत आली. हातात निळा पेला होता, तेलाचा रंग दिसू नये म्हणून चाखणारे वापरतात तसला. नव्या हंगामाचं पहिलं तेल दरवर्षी सगळे आधी काकांनाच हुंगायला देत.

"बाबांच्या बागेतलं. सांगा, कसं उतरलंय?"

लिबोरियोने पेला तळहातांत ऊब देत धरला, डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

"वा! कोवळ्या गवताचा वास. बापाला म्हणावं, यंदा बाजी मारलीस."

नेलाचे डोळे भरले.

"त्या टँकरचा नमुना आहे हा, काका. इथवर मी नाक दाबून आणलाय." जाता जाता ती दारात थांबली. "वास येत नाही, एवढंच सांगायचं होतंत मला. मी थांबले असते की अहवालाला."

ती गेल्यावर लिबोरियोने पेला पुन्हा नाकाशी नेला. कशाचाच वास येत नव्हता.