कायमची सुटलेल्यांची मिटिंग

रविवारी दुपारी जेवून गजेंद्र बुगड खाटेवर आडवा होतो, तेव्हा शेजारच्या कारखान्यातले माग खडखडत असतात. या गावात लेकरं या आवाजावरच झोपी जातात. माग थांबले तर दचकून उठतात. गजेंद्र मागांचा जॉबर आहे, बिघडलेला माग पुन्हा सुरू करून देणारा मिस्त्री. पाच दिवस झाले, त्याच्या पोटात दारूचा थेंब नाही आणि हातात पाना ठरत नाही.

आज सहा वाजता त्याला दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगला जायचं आहे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि तोंडावर सांगितलं, आता प्यालात तर वर्ष निघणार नाही. पत्ताही त्यांनीच दिला: बाजारातल्या बारसमोरचा बोळ, बोळाच्या टोकाला शाळा. गेल्या रविवारी तो निघालाही होता. पण दारुड्याला बारची खूण सांगितली की व्हायचं तेच झालं. खुणेपर्यंत गडी बिनचूक पोचला, बोळ काही त्याला दिसला नाही. घरी आणलं ते दोघांनी उचलून.

डोळे जडावतात. माग थांबतात. एरवी एवढ्यावर अख्खी गल्ली जागी झाली असती, पण गजेंद्रला जाग येत नाही.

खाटेच्या कडेला अण्णाप्पा बसला आहे. वीस वर्षांचा जोडीदार. दोघं एकाच कारखान्यात राबायचे आणि एकाच टेबलावर प्यायचे. अण्णाप्पा गेल्या गणपतीत गेला. पोट नगाऱ्याएवढं झालं होतं, डोळे हळदीसारखे पिवळे. डोळे अजून तसेच आहेत.

"ऊठ की गजा. मिटिंगला जायाचं न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आमास्नी समदं कळतंय. चल, वाट दावतो."

मेलेल्या माणसाच्या मागे जाऊ नये, हे काय शाळेत शिकवावं लागतं? पण बुडत्याला काडीचा आधार. गजेंद्र उठतो. दाराबाहेर गल्ली नाहीच, कारखाना आहे, आणि दोन मागांमधली वाट चालता चालता अरुंद होत जाते. दोन्ही अंगांना बारची दारं लागतात, त्याला पाठ असलेली एकेक. आत चिटपाखरू नाही. मग दवाखान्याचा जिना येतो आणि जिन्याच्या वर शाळेचा वर्ग.

लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं अंग चोरून बसली आहेत. एकेक जण उठतो, नाव सांगतो, "मी दारुडा" म्हणतो. बाकीचे "नमस्कार" म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. गजेंद्रच्या जिवात जीव येतो. सापडली बाबा एकदाची!

"मधीच कुणी पुन्हा पीत न्हाई व्हय?" तो अण्णाप्पाला हळूच विचारतो.

"हितं? छ्या. एक बी गडी पुन्हा प्यालेला न्हाई."

"एक बी?"

"कसा पिणार?"

गजेंद्र आता नीट बघतो. सगळ्यांचे डोळे पिवळे आहेत. पुढच्या बाकावर सायझिंगमधला, सुताला खळ लावणारा तात्या आहे, ज्याला त्याने स्वतः खांदा दिला होता. कोपऱ्यातलं एक बाक रिकामं आहे. अण्णाप्पा फळ्यावर खडूने नावं लिहितो आहे आणि शेवटचं नाव अर्ध्यावर आलं आहे: गजें.

सगळे वळून त्याच्याकडे बघतात. आपण नाव सांगितलं की संपलं, हे त्याला कुणी न सांगता कळतं. जीभ आपोआप वळवळू लागते. तो दोन्ही हातांनी तोंड दाबून धरतो. इतका तो बापाच्या मारालाही कधी भ्यायला नव्हता.

"अण्णाप्पा, मला हितं बसायचं न्हाई," तो बोटांच्या फटीतून म्हणतो. "खरी मिटिंग कुठं हाय?"

अण्णाप्पाचा हात थांबतो. "बारासमोरच. मी गेलतो एकदा, दारापातूर. आत कुणीतरी हसत हुतं. वाटलं, मलाच हसत्यात. फिरलो माघारी."

"मला कधी बोलला न्हाईस!"

"त्याच दिवशी तुझ्यासंगं प्यायला बसलो की. कुठल्या तोंडानं सांगू?"

मागे बाकं करकरतात. एकेक करत सगळे उठू लागतात.

"ऐक," अण्णाप्पा घाईने म्हणतो. "बाराकडं पाठ करून हुबा ऱ्हा, मग बोळ दिसतोय. नाव तिथं सांग, हितं नगं. पळ!"

आणि तो गजेंद्रला पाठीमागून जोरात ढकलतो.

माग खडखडत आहेत. गजेंद्र जमिनीवर पालथा पडला आहे. साडेपाच वाजलेत. त्याची बायको सुरेखा चुलीपासून धावत येते.

"काय झालं? केवढ्यांदा वराडलासा!"

ती त्याला धरून उठवते आणि थबकते. "ह्यो पंजा कुणाचा पाठीवर?"

तो शर्ट काढून बघतो. निळ्या शर्टावर मधोमध खडूचा पंजा उमटला आहे, पाचही बोटं पसरलेली. तो आपला हात मागे वळवून बघतो. तिथवर पोचत नाही.

सुरेखा पदराने पुसायला जाते. तो शर्ट हिसकावून घेतो आणि पुन्हा अंगात घालतो. बोटांना बटणं सापडत नाहीत, तेव्हा तीच लावून देते.

"अवो, असं जाणार बाजारातनं?"

"तू बी चल. बारापातूर मी बिनचूक पोचतोय," गजेंद्र म्हणतो. "तिथं मला धरून नुसतं उलटं फिरव."