सरपंचांनी उसवलेली पोती

“एकेक पोतं खोलत बसलात तर मी गाडी घेऊन वापस चाललो बघा, सरपंच!” हर्सूलचा ट्रकवाला असा ओरडला, की दोन कोसांवरच्या फुलंब्रीत दुकानदारांनी दचकून फळ्या ओढून घेतल्या असतील.

दुष्काळाचं साल. सरकारनं धाडलेली मिलो, म्हणजे ती लाल परदेशी ज्वारी, घेऊन ट्रक गावात आला होता. सरपंचांनी सही करायची, पोती उतरवायची, एवढंच काम. पण आमचे सरपंच सुरी घेऊन ट्रकवर चढले आणि प्रत्येक पोतं तळापर्यंत बघितल्याबिगर सही नाय म्हणाले. खाली सकाळपासून बायका रांगेत, दोन दिवस चुली थंड. ट्रक गेला असता तर आठवडाभर दाणा दिसला नसता.

या सगळ्याचा गुन्हेगार मी. त्या गावचा मास्तर. उस्मानपुऱ्यातून सायकल मारत यायचो, टायरमधून धूर निघेपर्यंत. मागच्याच आठवड्यात पारावर मी देवगिरीची गोष्ट सांगितली होती: गडाला वेढा पडला, धान्य समजून वर नेलेली पोती उघडली तर आत मीठ. मूळ गोष्टीत थोडंच मीठ असेल, मी अख्खा समुद्र आटवला होता. सरपंच पुढंच डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोपलेत.

रांगेतली एक म्हातारी माझ्याकडं वळली. “गुर्जी, तुमच्या त्या ट्रकवरच्या राजाला सांगा, पोरं उपाशी हायेत.”

मी ट्रकवर चढलो. देवगिरीला सातशे वर्षं झाली, तो काळ वेगळा, असं काय काय विनवलं. पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून सरपंच तळ चाचपत राहिले. शेवटी ट्रकवालाच वैतागून पोत्यांची तोंडं धरायला लागला, म्हणजे काम तरी उरकेल.

सगळ्या पोत्यांत ज्वारीच निघाली. वाटप संपेस्तोवर दिवस मावळला. पुढच्या निवडणुकीबद्दल बायका सरपंचांना जे बोलल्या, ते मी लिहिलं तर हा कागद पेट घेईल.

मला मात्र राहवेना. एका सहीवर गाव जेवणार असतं, तेव्हा सही करणाऱ्याचा हात नेमका कोण धरतं? इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण तो कुणाच्या हातात शिरलेला कधी बघितला नव्हता. रिकाम्या रस्त्यावर सरपंच कोपरावरचा भुसा झटकत उभे होते. मी छाती जरा पुढं काढून विचारलं, “देवगिरीची गोष्टच मनात होती ना?”

“नाय, गुर्जी. निजामाचं सरकार सक्तीनं धान्य न्यायचं, त्या लेव्हीची पोती आमच्या घरची मीच भरायचो. खाली खडे, वर ज्वारी.”