ओवाळून टाकलं

आमची कोष्ट्यांची गल्ली नको तेवढी रुंद आहे. पूर्वी सुताला खळ लावून ताणा गल्लीभर पसरायचे, पांजण म्हणत त्याला, आणि त्यासाठी दोन्ही ओळींतली घरं मागे सरकून बांधलेली. माग गेले, मुलं नोकऱ्यांना लागली, गल्ली तेवढीच राहिली. माझं घर या ओळीत, जावेचं बरोबर समोर.

महानगरपालिकेची नवी प्रभाग रचना आली आणि सीमारेषा गल्लीच्या मधून गेली. जाऊ जुन्या प्रभागात, मी शेजारच्या. मागच्या निवडणुकीत सगळ्या गल्लीने नगरसेवकाविरुद्ध मत टाकलं होतं, त्याचा हा हिशेब. पानठेल्यावर तो सगळ्यांदेखत म्हणाला, "अर्धे इकडं, अर्धे तिकडं. आता करा म्हणा एकी!"

आम्ही हरकत घेतली. सुनावणीत साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "मोठा रस्ता आहे, सीमा नियमात बसते." रस्ता कुठला, ते आमचं अंगण, हे मी सांगेपर्यंत त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. बाहेर येऊन मी जावेला म्हटलं, या नगरसेवकाला पाडायचं.

देवाने ऐकलं. आरक्षणाची सोडत निघाली आणि त्याच्या प्रभागात त्याला उभं राहायला जागाच उरली नाही. तिकीट मिळालं शेजारच्या प्रभागात, म्हणजे माझ्या. हसून हसून माझं पोट दुखलं.

हात जोडून तो दारात आला. "वहिनी, मी तं घरचाच माणूस."

"भाऊ, तुमचं घर तं त्या बाजूले हाय. इकडं काहून आले?"

त्याला थट्टा वाटली. मी ताट आणलं, कुंकू लावलं, ओवाळलं. आमच्या ओळीत दारोदार असंच ठरलं होतं. ही ओळ खिशात आली समजून तो पुन्हा फिरकला नाही. जावेचं मत पलीकडच्या प्रभागात, ते त्याच्याविरुद्ध पडणारच नव्हतं, तरी ती माझ्याबरोबर आजूबाजूच्या वस्त्या पालथ्या घालत होती. "मत तिकडं गेलं, तोंड तं माह्यापाशीच हाय," म्हणायची. ओवाळण्यावरून एकीने टोचलं, तेव्हा तिने ठणकावलं, "ओवाळलं नाही वं, ओवाळून टाकलं त्याले!"

पडला. मतमोजणीहून निघताना त्याचं तोंड पाहायला आम्ही दोघी मुद्दाम फाटकाशी उभ्या होतो. त्याने पाहिलं. मी नजर हटवली नाही. तो चेहरा आठवला की अजून गार वाटतं, खोटं कशाला बोलू.

पुढे गल्लीतलं गटार तुंबलं. ज्याला निवडून आणलं त्याला फोन लावला, गल्ली सांगितली.

"ती माझ्याकडे येते का?" त्याने विचारलं.

"अर्धी येते," मी म्हटलं.