गाळलेला ‘सख्खा’

हे मी कुणाकडेच बोललेले नाही. मिलिंदकडेही नाही — आणि माझा नवरा माझं सगळं ऐकून घेतो. आज तुम्हाला सांगतेय. का? खरंच माहीत नाही.

आम्ही अमेरिकेत, हर्नडनला राहतो. मुलं मोठी झाली तसं मी दुभाष्याचं काम घ्यायला लागले. आधी हॉस्पिटलं, मग इमिग्रेशन कोर्ट. मराठीचं काम क्वचित यायचं, पण आलं की फोन मलाच. त्याचा मला फार तोरा होता — तेही सांगून टाकते.

अशाच एका कामातली सुनंदा, तिशीची होती. तिनं जातीबाहेर लग्न केलं, म्हणून तिच्या चुलतभावानं भर रस्त्यात तिच्या नवऱ्याला कोयत्यानं ठार मारलं. जामिनावर सुटला आणि तिला शोधायला लागला. एका कुटुंबाची मुलं सांभाळायला म्हणून ती अमेरिकेत आली, आणि मला परत पाठवू नका म्हणून तिनं इथे आश्रय मागितला. अर्जात सगळं नीट होतं. मारणारा चुलतभाऊ. भावंडांच्या रकान्यात फक्त दोन बहिणी.

सुनावणीत ती म्हणाली, “भावानं मारलं त्यांना.” आपण असंच बोलतो ना? चुलत, मावस, सगळे भाऊच. मी इंग्रजीत ‘ब्रदर’ म्हणाले. थांबून विचारायला हवं होतं, नाही विचारलं. पण ती नुसती चूक होती. चूक सांगायला मी इतकी वर्षं — नाही, पुढचं ऐका.

सरकारी वकिलानं लगेच अर्ज वर धरला. यात तर तुम्हाला भाऊच नाही? मी तो प्रश्न मराठीत विचारला. सुनंदा गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाली, “सख्खा भाऊ नाहीये मला, ताई.”

तेव्हाच मला कळलं. त्याच क्षणी. ‘चूक माझी आहे’ एवढंच म्हणायचं होतं. न्यायाधीश माझ्याकडे बघत होते. थोड्याच वेळापूर्वी त्यांनी भर कोर्टात माझं कौतुक केलं होतं. आणि मी तिचं उत्तर इंग्रजीत सांगितलं — मला भाऊ नाही.

‘सख्खा’ मी गाळला. विसरले नाही. गाळला. तो शब्द उच्चारला असता तर माझी चूक उघडी पडली असती.

आधी म्हणे भावानं मारलं, मग म्हणे भाऊच नाही. सुनंदा खोटारडी ठरली. अर्ज फेटाळला गेला.

अपिलाआधी तिच्या वकीलबाईंचा मला फोन आला. सुनावणीचं रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणाकडून तपासून घेऊ का? मी म्हटलं, गरज नाही, शब्द न् शब्द बरोबर आहे. त्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

अपीलही फेटाळलं गेलं. मग प्रकरण त्याच्याही वरच्या फेडरल कोर्टात गेलं आणि मी स्वतःची समजूत घातली — तिथे तीन न्यायाधीश असतात, ते तिला बोलावतील, नव्यानं विचारतील. ते कुणालाही बोलावत नाहीत. खाली जे नोंदलं गेलं तेवढंच वाचतात. हे मला माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं?

निकाल वकीलबाईंनी मलाच पाठवला, सुनंदाला फोनवर मराठीत सांगण्यासाठी. चौथ्या पानावर माझी दोन वाक्यं होती. अवतरणचिन्हांत, तिच्या नावावर. पुन्हा वाचलं. पुन्हा. एवढ्या मोठ्या कोर्टाचा निकाल — आणि तो माझ्या त्या दोन वाक्यांवर उभा?

सुनंदाला तोवर डिटेन्शन सेंटरमध्ये डांबून ठेवलं होतं. मी फोनवर सांगत गेले. ती वाक्यं आली तशी ती मध्येच म्हणाली, “पण मी सख्खा म्हटलं होतं ना हो, ताई?”

वकीलबाई लाइनवरच होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं.

“म्हटलं होतंस गं,” मी म्हणाले. “कोर्टाला पटलं नाही.”

सुनंदा म्हणाली, “माझंच बोलणं नीट नसेल. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ.”

दोन आठवड्यांनी तिला विमानात बसवलं. पुढे तिचं काय झालं, मी विचारलेलं नाही. वकीलबाईंचे मला अजूनही फोन येतात. मी कामं घेते.