म्हातारीचं दार

रेल्वेतला माणूस रिटायर होतो, पण त्याच्याकडचे किस्से ड्यूटीवरच राहतात. चार जुनी टाळकी चहाला जमली की एकाचा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू! आम्ही रोहा यार्डातले फिटर. आमच्या गप्पांत बढती येते, बदली येते, साहेबांची टिंगल येते, आणि शेवटी सगळं येऊन थांबतं म्हातारीपाशी. मग आवाज आपोआप खाली जातात.

म्हातारी म्हणजे एक मालडबा. चार चाकांचा, रिव्हेट ठोकलेला, इंग्रजांच्या काळात बांधलेला. आमच्या लाईनीचं बांधकाम चाललं होतं तेव्हा सामान घेऊन आला आणि यार्डातल्या शेवटच्या रुळावर मुक्कामाला राहिला. आम्ही त्यात अवजारं आणि चुन्याची पोती ठेवायचो. दार दोन झडपांचं आणि कडी फक्त बाहेरून! आत राहिलात तर कुणी उघडेपर्यंत राहिलात.

म्हणून आमचा एक नेम होता. दार लावण्याआधी हातोडीचे दोन ठोके द्यायचे, "आत कोन हाय?" म्हणून ओरडायचं आणि ओ येते का ते बघायचं. मगच कडी घालायची.

* * *

हा नेम पडला शंकरमुळे. शंकर आमचा पॉइंट्समन, गाडीसाठी रूळ बदलून देणारा. एका दुपारी हा जेवून म्हातारीत आडवा झाला. कुणीतरी दार लावलं, आणि नेमका त्याच दुपारी पेणला चुना हवा म्हणून डबा मालगाडीला जोडला. ऐन उन्हाळा, वर तापलेला पत्रा. शंकर पेणपर्यंत दारावर थापा मारत गेला. त्या खडखडाटात ऐकतो कोण!

पेणला हमालाने कडी काढली, तर आतून पांढराफटक माणूस त्याच्या अंगावर पडला. हमालाने अशी धूम ठोकली की थेट पलीकडच्या रामवाडीत जाऊन थांबला!

शंकर वाचला, पण बंद दाराची धास्ती त्याच्या मनात कायमची बसली. त्याची बायको मला सांगायची, "भावोजी, ह्यांना काय तरी सांगा. मोरीचं दारसुद्धा लावत नायत. पाव्हणे आले की मीच पदर धरून उभी ऱ्हाते!"

* * *

आमच्यात न घाबरणारा एकच, दामू मिस्त्री. डोलवीकडचा माणूस, घरी भातशेती, आवाज भोंग्यासारखा. "लोखंड हाय ते! लोखंडाला भ्यायचं तर रेल्वेत आलात कशाला?"

पुढे चारचाकी डबे सगळीकडून हद्दपार झाले. म्हातारीही भंगारात निघाली. मिस्त्री थेट साहेबांकडे गेला. "साहेब, ह्या डब्याखाली लोळून मी काम शिकलो. स्टेशनासमोर ठेवू, लोक बघतील."

साहेब म्हणाले, "ठेवा. पण पावसाळ्याआधी रंगून तयार हवा. आणि त्याच्यापायी एकाही माणसाला इजा झाली तर त्याच दिवशी गॅसकटर लावीन!"

तेव्हापासून आम्हाला दोन प्रकारची भीती. एक म्हातारीची, दुसरी म्हातारी जाण्याची.

* * *

डबा स्टेशनकडे न्यायचा म्हणजे चाकाला पहारी लावून रेटायचा. ब्रेक कधीच गंजून गेलेला. आमच्यातला लक्ष्मण लाकडी पाचर घेऊन बाजूने चालत होता. उतार लागला आणि म्हातारी सुटली! पुढे मेन लाईन, आणि पॅसेंजरला सिग्नल मिळालेला.

लक्ष्मण जागीच थिजला. मिस्त्रीने त्याच्या हातातली पाचर हिसकावली, पळत जाऊन चाकाखाली सारली. डबा कुरकुरत थांबला. मिस्त्रीच्या बोटांत आणि चाकात वीतभर अंतर होतं. तेवढ्यात पॅसेंजर शिट्टी देत समोरून गेली. गाडीच्या दारातल्या एकाने आम्हाला हात केला!

"म्हातारीला अजून फिरायची हौस हाय," मिस्त्री म्हणाला. पण बिडी पेटवताना त्याच्या तीन काड्या वाया गेल्या.

* * *

मग साफसफाई. फळ्यांखालून गुरगुर ऐकू आली आणि आम्ही सगळे एका उडीत बाहेर. आमच्या गँगमधला बाळू नदीकाठच्या आदिवासी वाडीवरचा, त्याने निवांत वाकून बघितलं. "उदमांजर हाय. पिल्लं झाल्यात. डोलं उघडपर्यंत काम बंद."

"अरे, साहेबांना काय सांगू?" मिस्त्री ओरडला.

"सांगा, आत बाळंतीण हाय!"

पिल्लं जाईपर्यंत काम खरंच बंद राहिलं. साहेबांना काय सांगितलं ते मिस्त्रीलाच ठाऊक.

* * *

रंगारी होता पेणचा, गणपतीच्या मूर्ती रंगवणारा. हात एकदम सफाईदार. त्याने आतला जुना रंग खरवडला, तर दाराच्या आतल्या बाजूला, छातीच्या उंचीवर, ओरखडे निघाले. खूप ओरखडे, एकावर एक.

शंकर म्हणाला, "माझे नाय. मी थापा मारल्या, नखं नाय लावली."

"पहारी घासल्या असतील," मिस्त्री म्हणाला.

रंगाऱ्याने सगळा डबा झकास रंगवला. छतसुद्धा! तेवढी जागा मात्र कोरी. मी विचारलं तर म्हणाला, "तितं ब्रश पोचत नाय!"

* * *

शेवटी म्हातारी स्टेशनासमोर उभी राहिली. कुणाचं पोर आत अडकू नये म्हणून दार वेल्डिंगने कायमचं बंद करायचं ठरलं. सकाळची वेळ. मी स्वतः दोन ठोके दिले. "आत कोन हाय?" थांबलो. काही नाही. परत ओरडलो. काही नाही. वेल्डिंग झालं, आम्ही चहाला गेलो.

चहा आला आणि लक्षात आलं, मिस्त्री कुठाय?

घरी नाही, यार्डात नाही. कुणीतरी म्हणालं, सकाळी आत शेवटचा हात फिरवून येतो म्हणत होता. सगळ्यांच्या आधी शंकर धावला. छिन्नी-हातोडी घेऊन तो वेल्डिंगवर घाव घालत होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

दार उघडलं. मिस्त्री मागच्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता. घामाने निथळत होता, डोळे सताड उघडे. शंकरने त्याला कवेत घेऊन खाली उतरवलं, पाणी पाजलं.

मी विचारलं, "मिस्त्री, माझी हाक आयकली नाय?"

"आयकली."

"ठोके?"

"ते पन."

"मग ओ का नाय दिलीत?"

मिस्त्रीने ओठांवरून हात फिरवला.

"देनार होतो रे. बाजूला बसलेल्यानं तोंडावर हात ठेवला."