कोरड्या गोदावरीतली हाक

त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि आमची लातूरची आत्या नांदेडला एसटीनं आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "मला पेठघाटला ने. समदं उघडं पडलंय म्हणं. पाऊस झाला की परत बुडंल."

पेठघाट म्हणजे तिचं माहेर, गोदावरीकाठचं होड्यांचं गाव. एके काळी इथून कापूस, हळद खाली तेलंगणाकडे जायची, आणि जकात घ्यायला निजामाचा करोडगिरी नाका होता. समुद्र कधीच न पाहिलेली माणसं तेवढ्यावर गावाला 'बंदर' म्हणायची... आमचा आत्मविश्वास जुना आहे.

मग रेल्वे आली, माल तिकडे गेला. पूल झाला, माणसं तिकडून जायला लागली. शेवटी खाली बंधारा झाला आणि उरलेल्या गावाला टेकाडावर प्लॉट मिळाले. पाण्यावर जगलेलं गाव पाण्यातच घातलं... सरकारला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

आत्याचे यजमान तेव्हा नव्याने झालेल्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीत होते. नवा जिल्हा, नवं क्वार्टर, नवे शेजारी. त्या गडबडीत माहेर बुडाल्याचं तिला बुडाल्यावर कळलं.

वाटेत गाडीत तिनं एक रीत सांगितली. लेक सासरी निघाली की होडीत पाठमोरी बसायची. होडी मधोमध गेली की घाटाच्या खालच्या पायरीवरून माहेरचं माणूस हाक मारायचं, लेकीनं वळून 'ओ' द्यायची. ओ दिली की लेक परत येते.

"शेवटच्या टायमाला मी पुलावरून एसटीनं गेले," ती म्हणाली. "हाक राहिली ती राहिलीच."

घाटावर जत्रा होती. नाक्याच्या भिंतीला टेकून पोरं सेल्फी काढत होती, एक भेळवाला पण होता. दुष्काळात चाललेला तेवढाच एक धंदा.

आत्यानं खालच्या पायरीवर चपला काढल्या. होडीत कुणी चपला घालून चढत नसे.

"आत्या, होडी न्हाई. वाळू तापलीय."

"होडी न्हाई म्हणून रीत बी सोडू का? तू हितंच उभा ऱ्हा."

भाजत्या वाळूतून ती पात्राच्या मधोमध गेली आणि पाठमोरी थांबली... तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. घाटावर माहेरचं माणूस म्हणजे मी एकटाच होतो.

"आत्या," मी ओरडलो. ती वळली नाही. पुन्हा ओरडलो. सेल्फीवाले माझ्याकडे बघायला लागले. ती तशीच उभी, उन्हात, अनवाणी.

मग आठवलं. लग्नात तिचं नाव बदललं होतं. रेशनकार्डावर, आधारवर, लातूरच्या अख्ख्या गल्लीत ती सुलोचनाबाई. माहेरचं नाव फक्त माझ्या बाबांच्या तोंडी होतं, आणि बाबा जाऊन बरीच वर्षं झाली.

आमच्याकडे आत्याला नावानं हाक मारली तर पाठीत धपाटा बसतो. एरवी माझी जीभ कुणाला घाबरत नाही, पण त्या दिवशी चिकटली. कसाबसा आवाज काढला, बाबा काढायचे तसा.

"शेवंतेऽऽ"

ती वळली. "ओऽऽ..."

सत्तरीची बाई, आवाज मात्र परकर-पोलक्यातला. परत आली, चपला घातल्या आणि म्हणाली, "लई येळ लावलास रे. पाय भाजायलेत ना माझे."

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. पेठघाट पुन्हा पाण्याखाली गेलं.

आता दर मार्चला तिचा फोन येतो, "घाट दिसायलाय का रे?" नाही म्हटलं की म्हणते, "बरं हाय. पाणी हाय तर." आणि फोन ठेवते.

दुष्काळाची वाट पाहणं पाप आहे, कळतं मला. भरलेलं पात्र पाहून सगळ्या मराठवाड्याबरोबर मीही खूश होतो... फक्त पेठघाटच्या वळणावर थोडा कमी. परत यायची ओ देऊन बसलीय ना ती.